पंचायत गेली, शीव राहिली

पानशेत, ११ ऑगस्ट २०२५

मंगलआक्का,

जानेवारीपासून तुला लिहायचं टाळतोय. आधी कागद नव्हता, कागद मिळाला तर सीझन सुरू झाला, सीझन ओसरला तर माझा मीच ओसरलो. फोन तू उचलत नाहीस ते ठीक आहे. पत्रही फाडता येतं, ठाऊक आहे. पण फाडायच्या आधी माणूस एक ओळ वाचतोच. त्या एका ओळीत काय घालावं हे सात महिने सुचलं नाही.

ती ओळ अशी, की आपल्या उंबरटेकची पंचायत तुझ्या खैरमाळात विलीन करायचं ठरलं ते आईच्या एका मतानं.

ठरल्याचं तुला कळलं असणार, तिकडं पेढे वाटले म्हणतात. आईचं कुणी सांगितलं नसेल.

मी सध्या पानशेतला, धरणाच्या पाण्याकडंच्या एका हाटेलात आहे. त्याआधी गुंजवण्यात होतो, राजगड चढणाऱ्यांच्या पिशव्या वर न्यायचो. एका पुण्याच्या माणसाच्या बुटाचा तळ सुटला, त्याला माझ्या चपला दिल्या आणि मी अनवाणी उतरलो. तो चपलांसकट गेला. मग आठ दिवस पाय सुजलेला, काम सुटलं. हे तुला सांगायचं नव्हतं, सुरू झालो की थांबत नाही.

तर हाटेलात शनिवारी चार जण बसले होते, भाकरी-पिठलं मागवून. बोलणं चाललेलं, बारक्या देशांनी शेजारच्या मोठ्या देशात मिसळून जावं का. एक म्हणाला, उगाच आपला झेंडा, आपली नोट, आपला मंत्री, कशाला एवढा खर्च. दुसरा म्हणाला, मोठ्याच्या ताटात बसलं की आपली वाटी कुणी भरत नाही. मी पाण्याचा जग घेऊन तिथंच उभा. त्यातला एक मला म्हणाला, तुला काय वाटतं रे? मी म्हणालो, आमच्या गावात मतदान झालंय ह्याच्यावर. ते हसले. मी पण हसलो, काय करणार.

गंमत नव्हती पण. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा, शाळेच्या व्हरांड्यात. शाळा दोन वर्षं झाली बंद आहे, चारच पोरं उरली होती. पंचायत समितीतून कागद आलेला, गाव लहान आहे, शेजारच्या पंचायतीत जायचं का ते गावानं ठरवावं. अर्धं गाव कात्रजला नि धनकवडीला, त्या दिवशी बऱ्यापैकी आलं होतं.

चिमाजी आबा उठले. तुझं येणंजाणं गावकीत ज्यांनी बंद केलं तेच, तुला काय सांगायचं. पंचाऐंशी झाले, आवाज तसाच. म्हणाले, भोरचं संस्थान हिंदुस्तानात गेलं तवा मी आठ वर्सांचा व्हतो. आपुन समदं संस्थानातलं. ढोल वाजलं, मला पेढा मिळाला. पेढा ग्वाड व्हता. पण भोरात व्हनारं काम त्यानंतर पुण्याला व्हाया लागलं, आन् पुण्याला आपल्याला वळखतंय कोन?

आपल्या वाडीतल्या बंडूची बायको शेफाली, तू तिला पाहिली नाहीस, शिवऱ्याची आहे, बारावी झालेली. ती पदर खोचून म्हणाली, "आबा, स्वतंत्र हाय म्हंजी काय? एप्रिलमदी आपल्या मनानं तानंनं मरायचं, येवडंच ना? खैरमाळला दोन टँकर येत्यात."

बाया हसल्या. आबा म्हणाले, टँकर त्यांचा, त्यो आधी त्यांच्यात रिकामा व्हनार. मंग उरलं तर आमी. शेफाली म्हणाली, आत्ता तर उरलेलंबी मिळत न्हाई.

दोघांचंही खरं होतं. मला असं होतं नेहमी, शेवटी जो बोलतो तोच बरोबर वाटतो.

हात वर करून मोजणी झाली. एक्कावन्न आणि एक्कावन्न. मी असतो तर बावन्न झाले असते, कुठल्या बाजूनं ते सोड. पण मी बाहेर होतो. बंडूनं नवी गाडी घेतलीय, तिचा आवाज ऐकत होतो. आत आलो तर सगळे आईकडं बघतायत. सरपंच म्हणून खुर्चीत ती, बरोबरी झाली की खुर्चीचं मत. पाच वर्षांत ती खुर्चीत टेकून बसलेली मी पाहिली नाही, कायम कडेला, उठायच्या बेतात.

तिनं हात वर केला. विलीनच्या बाजूनं.

मागून कुणीतरी म्हणालं, खैरमाळची इहीनबाई हाय ती, दुसरं काय करनार. बस्स, तेव्हापासून तिचं तेच नाव पडलं.

का केला तिनं, मला माहीत नाही. पोस्टात टाकतो.

तुझा,
सोमनाथ

·

शिवरे, ७ सप्टेंबर

आक्का,

उत्तर आलं नाही. मी पत्ताच दिला नव्हता, हे नंतर ध्यानात आलं. तसा पत्ता टिकतही नाही, पानशेत सुटलं. आता शिवऱ्यात हायवेला एकाच्या टेम्पोवर आहे, भाजी भरायची, पुण्यात उतरवायची. वास सगळा मेथीचा येतो.

तू का बोलत नाहीस ते मी विसरलो नाही. चार वर्षांपूर्वी मी तुझ्याकडं आलो होतो, तू चहा दिलास, तुझ्या सासूबाईंनी, रतनबाईंनी, हातावर चिवडा घातला. आणि आठ दिवसांनी देवळात आबांनी विचारलं, खैरमाळात गेला व्हतास का, तर मी म्हणालो, न्हाई. सगळ्यांसमोर. तुझ्यापर्यंत ते एका दिवसात पोचलं असणार. मला वाटलं होतं, खोटं बोलल्यानं कुणाचं काय जातं.

टेम्पोचा मालक विचारत होता, तुमचं नि खैरमाळचं नेमकं वाकडं काय? मी सांगायला गेलो तर मलाच हसू आलं. म्हणालो, बहीण तिथं दिली. म्हणजे दिली नाही, गेली. दाजी ज्ञानू आमच्याच जातीतले, मागणी घातली असती तर गावानंच जेवणावळ घातली असती. पण घातली नाही, दोघांनी आळंदीला जाऊन लग्न लावलं. मग आमची गावकी म्हणाली, आमच्या पोरीसाठी ओढ्यावर शिवेचा नारळ फुटला नाही. खैरमाळकरांनी यावं, शिवेवर नारळ फोडावा, मग पोरीला येणंजाणं मोकळं. खैरमाळ म्हणालं, पोरगी आपल्या पायानं आली, आम्ही कशाचा नारळ फोडू? तो म्हणाला, मग? म्हणालो, मग नऊ वर्षं झाली. तो म्हणाला, अरे नारळ कितीला येतो? मी मेथीच्या जुड्या मोजायला लागलो.

तू पण कमी नाहीस. फोडा नि न्या म्हणालीस, मग येईन.

असो. पंचायतीचं सांगतो. ऑगस्ट अखेरीला कागद पुरा झाला, मी तेव्हा घरीच होतो. खैरमाळातून दोघं आले, कपाट आणि शिक्का घेऊन गेले. आईनं शिक्का धुऊन पुसून दिला, शाई निघत नव्हती तर राखेनं घासला. ग्रामसेविका आहेत नीरजा मॅडम, भोरच्या, स्कूटीवरून येतात, त्या म्हणाल्या, अहो राहू द्या सगुणाबाई, हा आता रद्दच होणार. आई म्हणाली, रद झाला तरी स्वच्छ जाऊ द्या.

आपण खैरमाळात जायचं की नाही ह्यावर वर्षभर इथं दोन चुली झाल्या, आणि ते दोघं कपाट चढवताना एकमेकांत काय बोलत होते सांगू? आमाला कुनी इचारलंय का, ही आनखी चाळीस नळं आमच्या गळ्यात. म्हणजे पेढे वगैरे खोटंच, आपण त्यांना नको होतो. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आबांच्यासुद्धा.

ते गेले आणि आई आत गेली. लुगडं बदललं. पेटीतलं, ठेवणीतलं, हिरव्या काठाचं. डब्यात काहीतरी भरलं. मी विचारलं, कुठं? तर म्हणाली, मंगलकडं. जसं काही परड्यात चाललीय.

मी तिच्या मागं मागं ओढ्यापर्यंत गेलो. शिवेचा शेंदूर लावलेला दगड आहे तिथं आबा बसलेले, शेरडं घेऊन. ते रोजच बसतात, मुद्दाम नव्हते. त्यांनी तिच्या लुगड्याकडं बघितलं नि त्यांना कळलं.

"सगुणे, कुठं निगालीस?"

"शीव ऱ्हायली न्हाई आता. येक गाव झालं."

"पंचायत गेली. शीव हितंच हाय. ती काय कलेक्टरनं घातली व्हती का, कलेक्टरनं काढाया?"

आई मला म्हणाली, फोन लाव मॅडमला. मी लावला. मॅडम स्कूटी बाजूला घेऊन बोलल्या, सगुणाबाई, कार्यालय एक झालं हो. गावाची हद्द वेगळीच राहते, सातबाऱ्याला दोन गावं दोनच. आणि त्या नारळाचं म्हणाल तर ते कुठल्या कागदात नाहीच. तुम्हाला जायचं तर जा की, कुणी अडवलं तर गुन्हा आहे, कायदा आहे त्याला, तक्रार द्या. आई म्हणाली, कुणावर देऊ, समदं घरचंच हाय.

फोन मला परत दिला. पाणी घोट्याएवढं होतं. तीन पावलं. ती उभी राहिली बराच वेळ, मग माघारी फिरली.

आबांनी अडवलं नव्हतं, आक्का. ते शेरडांकडं बघत होते. तीच फिरली.

हा भाग तुझ्यासाठी लिहिला. दाजींना वाचून दाखवू नकोस.

सोमनाथ

·

उंबरटेक, २७ ऑक्टोबर

आक्का,

दिवाळी झाली. भाऊबीजेला मी येणार होतो असं लिहिणार होतो, पण ते खोटं झालं असतं. मी त्या दिवशी वेल्ह्याच्या स्टँडवर बसून होतो. तालुक्याचं नाव आता राजगड झालं, तरी यष्टीवाला वेल्हे वेल्हे असंच ओरडतो, मला ते बरं वाटलं. खैरमाळची गाडी लागली, गेली. मी भेळ खाल्ली.

आता घरीच आहे. टेम्पो सुटला. आई विचारत नाही का सुटला. ती कसलंच विचारत नाही. भात काढणीला आलाय, पहाटे जाते, ऊन चढलं की येते, भिंतीला टेकून बसते. सरपंचकी गेल्याचं तिला काही नाही. पूर्वी बाया दाखल्यासाठी यायच्या, त्या आता येत नाहीत, आणि ज्या हसत होत्या त्या हसायच्याही थांबल्या. त्यांना वाटत होतं तिनं लेकीसाठी गाव दिलं. आता दिसतंय, गाव गेलं आणि लेक पण नाही. त्याला कोण हसणार.

पाणी वाढलं का म्हणशील, तर टँकरची वेळ अजून यायचीय. नळाला आठवड्यातून एकदा येतं, तसंच येतं. शेफाली म्हणते उन्हाळ्यात बघा. आबा म्हणतात उन्हाळ्यात बघा. दोघं एकच बोलतात आता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, आईनं हात का वर केला मला माहीत नाही. माहीत आहे.

ग्रामसभेच्या आठ दिवस आधी तिचा फोन आला होता. मी तेव्हा गुंजवण्यात, गिऱ्हाईक होतं, चुलीवर कुणाचं तरी मटण. ती म्हणाली, सोम्या, तू बाहेर फिरतोस, तुला कळत आसंल. पंचायत येक झाली की शीव ऱ्हाती का जाती? आता मला काय माहीत? कुणाला विचारलं असतं तरी कळलं असतं. नीरजा मॅडमचा नंबर होता माझ्याकडं. पण रस्सा उतू चालला होता आणि मला फोन ठेवायचा होता. मी म्हणालो, "जाती की. येक गाव झाल्यावर शीव कशाची?" ती म्हणाली, बरं. आणि बोलत राहिली नाही, लगेच ठेवला. एरवी दहा वेळा जेवलास का विचारते.

तिनं तेवढ्यावर हात वर केला, आक्का. एक्कावन्न माणसांच्या विरोधात. टँकरसाठी नाही नि कशासाठी नाही. आणि मी बाहेर गाडीचा आवाज ऐकत होतो.

परवा तिला सांगितलं. खळ्यावर होती. म्हणालो, आई, त्या फोनवर मी ठोकून दिलं होतं, मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, मला कळलं ते ओढ्यावरच. मी म्हणालो, मग ओलांडायचं तरी होतंस, तीन पावलं होती. आबा काय करणार होते, पंचाऐंशीचा म्हातारा. शेरडं काय करणार होती.

तिनं सूप खाली ठेवलं.

"तुजे अन्ना गेले तवा मंगल त्या दगडापल्याड उभी व्हती. मी हितनं बघितली. जाळ पेटंस्तवर उभी व्हती. मी हाक मारली न्हाई. शीव हाय म्हनून मारली न्हाई. आज मी तशीच वलांडून गेली, तर त्या दिशी का न्हाई गेली, ह्ये तिला काय सांगू?"

मग पुन्हा पाखडायला लागली.

तिला ओलांडायची नव्हतीच गं. तिला ती नसायला हवी होती. सरकारनं काढली, कागदानं गेली, असं काहीतरी. म्हणजे त्या दिवशी ती होती, आणि आता नाही. मला हे लिहिताना कळतंय. तेव्हा मी म्हणालो, भात चांगला आलाय ह्या वर्षी.

सोमनाथ

·

उंबरटेक, १४ नोव्हेंबर

आक्का,

ह्या वेळेस पत्ता लिहिलाय मागं. इथंच आहे, कुठं गेलो नाही, तीन आठवडे झाले. माझ्या मानानं लई झाले.

आधी गावातली बातमी. चिमाजी आबांचा हयातीचा दाखला अडलाय. दर नोव्हेंबरला म्हाताऱ्यांनी जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो, इतकी वर्षं आईच देत होती. आबा ओट्यावर यायचे, खोकायचे, आई शिक्का मारायची, झालं. आता तो खैरमाळात. आबा म्हणतात, त्या गावात पाय ठेवनार न्हाई, नऊ वर्सं ठेवला न्हाई. त्यांच्या सूनबाई, साळूबाई, रोज सकाळी मोठ्यानं म्हणतात, तुमी जित्तं हायसा का न्हाई ते एकदा ठरवा, म्हंजी मला सैपाकाचा अंदाज येईल. नीरजा मॅडम म्हणाल्या, मी घरी येते, इथंच लिहून घेते. तर आबा म्हणाले, घरात पडून तपासाया मी काय मडं हाय? मॅडम म्हणाल्या, मग मोबाईलवर चेहरा दाखवा. दाखवला. मोबाईलनं ओळखला नाही. तीनदा. सगळी वाडी हसली, आबा सोडून.

मी पण हसलो. मग घरी आलो तर हसू टिकलं नाही. संस्थान गेलं तेव्हा पेढा खाल्लेला माणूस, नंतर स्वतंत्र पंचायत आणायला वेल्ह्याला चालत खेटे घातलेला. आता आपण जिवंत आहोत हे खैरमाळला जाऊन सांगायचं.

आता माझं. मला काही मागायचा हक्क नाही. देवळात न्हाई म्हणालेला माणूस मी. आई तर मागणारच नाही, ती सरपंच असताना स्वतःच्या दारापुढं दिवा लावून घेतला नाही तिनं. म्हणून मीच मागतो. तिला दिसायला कमी झालंय, डाव्या डोळ्यात पडदा आलाय असं भोरच्या डॉक्टरनं सांगितलं, उजव्यातही येतोय. आप्रेशन होतं, होईल. पण ती होऊ देत नाही, म्हणते काय बघायचं राहिलंय. हे ती दुःखानं बोलत नाही, हिशेब संपल्यासारखं बोलते, त्याची मला भीती वाटते.

नारळ कुणी फोडायचा हे दोन गावांना नऊ वर्षं ठरवता आलं नाही, एक गाव करून पण आलं नाही. तुला नि मला येईल असं नाही. पण तू ओढ्यापर्यंत ये. पलीकडंच थांब, हवं तर. मी तिला अलीकडं आणतो. पाणी आता घोट्याएवढंही नाही, मधे बोलता येतं. त्या दिवशी तिनं हाक मारली नाही, ती आता मारेल का, मला सांगता येत नाही. मारली नाही तर तू मार. एवढंच लिहायचं होतं, ह्याला चार पत्रं लागली.

थांब, बाहेर कुणीतरी खोकतंय.

आक्का, आबा आलेत. आपल्या दारात. जानेवारीपासून ते ह्या बोळानं गेले नव्हते, खालून वळसा घालायचे. धुतलेलं धोतर, टोपी, हातात आधारकार्ड पिशवीत घालून. बसा म्हणालो, बसत नाहीत. मला म्हणाले, सोम्या, बंडूची गाडी मागून आन, खैरमाळला जायचं हाय. मी म्हणालो, दाखल्याला? म्हणाले, दाखल्याला. मग थांबून म्हणाले, आन् आदी मंगलच्या घरी. तिच्यात कुत्रं हाय का?

आई दारात आली. ते तिच्याकडं बघत नाहीत, उंबऱ्याकडं बघून बोलतायत.

"तुजा धनी गेला त्या दिशी दगडाव मी व्हतो, सगुणे. म्होरं यिऊ नगंस म्हनून तिला मी सांगितलं. तुला कुनी इचारलंबी न्हाई, तुजं डोस्कं तवा कुठं ताळ्यावं व्हतं. ते तिला मीच सांगतो. तू निसती संगं चल. लई दमलो बाई, येकट्याच्यानं जावंना."

आई आत गेली. मी हितं ओट्यावर, पेन हातात, त्यांना पाणी द्यायचं पण सुचलं नाही. ते उभेच आहेत.

आत पेटी उघडल्याचा आवाज आला आत्ता.

गाडीवर तिघं कसे बसणार कुणास ठाऊक. हे पत्र पोस्टात टाकत नाही, खिशात घालतो. कुत्रं असलं तर बांधून ठेव.

सोम्या